चालत्या ट्रेलरमधली ज्योत

फ्रिज पेटवतात, हे मला चाळिशी ओलांडेपर्यंत माहीत नव्हतं.

आमचं घर भिवंडीजवळच्या वळ गावात. सासऱ्यांची भाताची खाचरं होती तिथे आता गोडाऊनं उभी आहेत, आणि त्यांच्याच मागच्या एका शेडमध्ये माझ्या नवऱ्याचं वर्कशॉप आहे. तो पत्र्याच्या केबिन बनवतो. गोडाऊनच्या गेटवर सिक्युरिटीवाले बसतात तशा, किंवा बांधकामाच्या साइटवर ऑफिस म्हणून ठेवतात तशा. लॉकडाउन संपला आणि त्याच्या डोक्यात नवीन वेड शिरलं. केबिनला चाकं लावायची, आत पलंग, ओटा, बेसिन बसवायचं, आणि जीपमागे जोडून जिथे वाटेल तिथे न्यायचं. पहिला ट्रेलर त्याने घरच्यासाठी बनवला. आपण वापरल्याशिवाय लोकांना काय सांगणार, असं त्याचं म्हणणं.

त्या ट्रेलरसाठी त्याने भंगारबाजारातून एक फ्रिज आणला. परदेशातून आलेली कुठलीतरी जुनी गाडी तोडली होती, तिच्यातला. तो विजेवर चालत नव्हता, गॅसवर चालत होता. फ्रिजच्या मागे, अगदी खालच्या बाजूला, करंगळीएवढी निळी ज्योत. ती पेटली की तिच्याच उष्णतेवर फ्रिजचं आतलं चक्र फिरायचं आणि आत गार व्हायचं. ट्रेलरच्या पुढच्या टोकाला जाळीचा एक खोका होता, त्यात गॅसचा सिलिंडर. तिथून तांब्याची नळी जमिनीलगत फ्रिजपर्यंत गेलेली.

नवऱ्याने मला आणि सासूबाईंना मुद्दाम बोलावून तो पेटवून दाखवला.

"आगीवर गार?" सासूबाई म्हणाल्या. "मना येडी समजतंस काय?"

"थांब गं आई, उद्या बर्फ खायला घालतो तुला."

मग त्याने फुंकर मारून ज्योत विझवली. लगेच फ्रिजमधून टक-टक-टक असा आवाज सुरू झाला. "ऐकलंस? विझली की आपोआप ठिणगी पडते. पुन्हा पेटते." आणि खरंच भप्प करून ज्योत पुन्हा लागली. सासूबाई हसल्या. मी दोन पावलं मागे सरले होते, ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

भिवंडीत राहून आगीची सवय होते, असं लोक म्हणतात. मला नाही झाली. आमच्या पट्ट्यात वर्षाकाठी कुठलं ना कुठलं गोडाऊन पेटतंच. एकदा आमच्या घराच्या मागच्याच रांगेत लागली होती. आत काय माल आहे ते कुणालाच नीट माहीत नव्हतं. आधी काळा धूर आला, मग ड्रम फुटायला लागले. प्रत्येक ड्रमसरशी आमच्या खिडकीच्या काचा थरथरायच्या. छपराचा एक पत्रा उडून समोरच्या चिंचेत अडकला. आम्ही सगळे राहनाळला चुलत सासऱ्यांच्या घरी जाऊन बसलो होतो आणि तिथूनही तो धूर दिसत होता. आग विझल्यावर परत आलो तेव्हा दोरीवरचे कपडे काजळीने काळे झाले होते. तेव्हापासून मला बंद दारामागे काय जळतंय हे दिसत नसेल तर छातीत धडधडतं. हा तर फ्रिजच्या पाठीमागे, पत्र्याआड जळणारा दिवा होता.

त्या मे महिन्यात भंडारदऱ्याला जायचं ठरलं. धरणाच्या काठावर ट्रेलर लावायचा, दोन-तीन दिवस राहायचं. सासूबाईंना साखरेचा त्रास, त्या इन्सुलिन घेतात. ते गार ठेवावं लागतं. "म्हणूनच तर फ्रिज," नवरा म्हणाला.

मी विचारलं, "रस्त्यात पण पेटता ठेवणार?"

"मग? मे महिना आहे."

"चालत्या गाडीत? मागे सिलिंडर उघडा, आत ज्योत, आणि आपण घाट चढतोय?"

"ज्योत विझली आणि पुन्हा लागली नाही तर गॅस आपोआप बंद होतो. तसा वॉल्व्हच असतो त्यात. बाहेरच्या देशात लाखो लोक असेच फिरतात."

"तिकडे फिरत असतील. आपले रस्ते बघ. पेट्रोल पंपावर काय करणार?"

"पंपाच्या आधी बंद करू. प्रॉमिस."

आम्ही एकाच कॉलेजात होतो, त्यामुळे मी त्याला पहिल्यापासून अरे-तुरे करते आणि भांडतेही तशीच. पण त्या दिवशी मी भांडले नाही. इन्सुलिनचं नाव निघालं की मला पुढे बोलता येईना. गरम होऊन औषध खराब झालं आणि आईंना काही झालं तर? दोन गोष्टींची भीती होती, आणि त्यातली आईंबद्दलची मोठी वाटली.

जीप नवऱ्याच्या दोस्ताची. हा भिवंडीतल्या जुन्या कोकणी मुसलमान घराण्यातला, त्याच्या स्वतःच्या लूमचा कारखाना आहे. नवरा त्याला भाई म्हणतो, म्हणून मीही. तो सासूबाईंना काकी म्हणतो आणि त्यांच्याशी आमच्यासारखंच बोलतो. चिडला की मात्र हिंदीवर जातो. सकाळी सकाळीच तो जीप घेऊन आला. नवऱ्याने ट्रेलर जोडला, दिव्यांची वायर लावली, चाकं तपासली. फ्रिज रात्रभर पेटताच होता. आत पाण्याच्या बाटल्या, दही, मीठ लावलेली मासळी, आणि वरच्या कप्प्यात डब्यात घालून इन्सुलिन.

माणकोलीला नाशिक हायवेला लागलो. गाडी नवरा चालवत होता, भाई त्याच्या शेजारी. गाड्यांची गर्दी होती, कंटेनर, ट्रेलर, टँकर. माझं लक्ष सारखं मागे. जीपच्या मागच्या भागात गाद्या, चादरी आणि स्टोव्हचं खोकं रचलेलं होतं, त्यामुळे मागची काच अर्धी झाकली गेली होती. वरच्या फटीतून ट्रेलरची पुढची खिडकी तेवढी दिसायची. एखादा टँकर आम्हाला ओलांडून पुढे गेला की मी मनात मोजायला लागायचे, हा पेट्रोलचा की दुधाचा.

पंपावर नवऱ्याने दिलेला शब्द पाळला. पंपाच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून तो उतरला आणि सिलिंडर बंद केला. डिझेल भरून थोडं पुढे आलो की पुन्हा उतरून चालू केला. दर वेळी मी खिडकीतून त्याच्या हाताकडे बघत होते. भाई म्हणाला, "भाभी, तुम्ही एवढं टेन्शन घेता, मलाच आता वास यायला लागलाय."

"भाई, चेष्टा नको."

"नाय नाय, मजाक केला."

कसाऱ्याच्या अलीकडे एका ढाब्यावर जेवायला थांबलो. ऊन मी म्हणत होतं. घाटात एक ट्रक बंद पडला होता आणि वाहनांची रांग ढाब्यापर्यंत आली होती. सासूबाईंचे गुडघे आखडले होते. जीपमधून उतरताना त्यांनी माझा हात असा धरला की मला कळलं, त्या आता परत चढणार नाहीत.

"माझ्यानं न्हाय बसवत त्या जीपमदी," त्या म्हणाल्या. "मी मागं आडवी व्हतंय. पलंग हाय ना?"

चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवायचा नसतो, हे नवऱ्याला माहीत होतं. त्याने तेच सांगितलं. पण रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती. घाट संपेपर्यंत असंच चालणार, वर इगतपुरीला पोचलो की पुन्हा जीपमध्ये बसवू, असं शेवटी ठरलं. सासूबाई आधीच पलंगावर जाऊन पडल्या होत्या.

"मग मी पण मागे बसते," मी म्हटलं.

"आणि सिलिंडर?" मी त्याला पुन्हा विचारलं. त्याने रांगेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "आत्ताच तर दार उघडून बाटल्या काढून परत ठेवल्या. या उन्हात आता बंद केला तर इन्सुलिनचं काय?"

मी ट्रेलरमध्ये चढले. माझा फोन जीपमध्ये चार्जिंगला होता. तो घ्यायचं सुचलंच नाही.

सुरुवातीला बरं वाटलं. खिडक्यांच्या काचा सरकवून थोड्या उघडल्या होत्या, पण उन्हाची झळ येते म्हणून सासूबाईंनी त्या लावून घ्यायला सांगितल्या. त्यांचा डोळा लागला. मी फ्रिजसमोरच्या बाकावर बसले. रांग सरकत होती, थांबत होती. मग अचानक रस्ता मोकळा झाला. बंद पडलेला ट्रक बाजूला घेतला असणार. जीपने वेग घेतला.

बाहेरून ट्रेलर किती हलतो ते कळत नाही. आत बसल्यावर कळलं. प्रत्येक खड्ड्याला ओट्यावरचं भांडं उडत होतं. वळणावर सगळं अंग एका बाजूला ओढलं जायचं. शेजारून एखादा कंटेनर गेला की वाऱ्याचा धक्का बसायचा, पत्रा आत दबायचा आणि बाहेर यायचा. एका मोठ्या खड्ड्यात चाक आपटलं तेव्हा फ्रिजच्या खालून कसलातरी लहानसा आवाज आला. वाटी चमच्यावर आपटावी एवढाच.

थोड्या वेळाने टक-टक-टक सुरू झालं.

मला ते लगेच ओळखता आलं. ज्योत विझली होती आणि फ्रिज ती पुन्हा पेटवायला बघत होता. आता भप्प होईल, मी मनाशी म्हटलं. झालं नाही. टक-टक-टक. थांबलं. पुन्हा टक-टक-टक.

आणि मग वास आला.

आपल्या स्वयंपाकघरात गॅस चुकून उघडा राहिला की जो वास येतो, तोच. आधी मला वाटलं भाईच्या त्या चेष्टेमुळे मनात भरलंय. मी वाकून फ्रिजच्या खालच्या फळीपाशी नाक नेलं. माझं डोकंच गरगरलं. गॅस जड असतो, तो खाली बसतो, हे सिलिंडर देणारा माणूस लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मला सांगून गेला होता. म्हणजे माझ्या पायांपाशी, बाकाखाली, पलंगाखाली तो साठत होता. आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर, पातळ पत्र्याच्या पलीकडे, ठिणगी पडत होती. टक-टक-टक.

मी किंचाळले नाही. त्या क्षणी मला काय करावं हे सुचत नव्हतं, फक्त ड्रम फुटताना थरथरणाऱ्या काचा आठवत होत्या.

सासूबाई उठून बसल्या. घामाने त्यांचं कपाळ भिजलं होतं. "केवढा उकडतंय," त्या म्हणाल्या, आणि भिंतीवरच्या पंख्याच्या बटणाकडे हात नेला.

मी झडप घालून त्यांचा हात धरला. इतका जोरात की त्या कळवळल्या.

"आई, काही लावायचं नाही. काहीच नाही. गॅस सुटलाय."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मना वास आलेला मगाशीच. मना वाटला, त्या ढाब्यावरच्या अंड्यांचा."

"पाय वर घ्या. पलंगावरच बसा. खाली उतरू नका."

खिडक्या. पलंगाशेजारची मी पूर्ण सरकवली, ओट्यावरची सरकवली. गरम वारा आत आला. पण ठिणगी चालूच होती. ती बंद करायची तर फ्रिजच्या पुढच्या पट्टीवरचं बटण दाबायला हवं. आणि पंखा लावू नका म्हणून मी आत्ताच आईंचा हात पिरगाळला होता, ते का, तर बटणातही ठिणगी पडते म्हणून. मग हे बटण? दाबलं आणि त्यातच पेट घेतला तर? नाही दाबलं तर ते टक-टक आपलं काम करतच राहणार. मी बोट पुढे नेलं आणि मागे घेतलं. पुन्हा नेलं. सासूबाई काहीतरी पुटपुटत होत्या, एकवीरेचं नाव घेत होत्या. मी डोळे मिटून बटण दाबलं.

टक-टक थांबलं.

काही झालं नाही. मी डोळे उघडले तेव्हा सासूबाईंनी माझा पदर घट्ट धरलेला होता.

पण वास कमी होईना. सिलिंडर बाहेर, ट्रेलरच्या टोकाला, आणि तो उघडा होता. आतून तो बंद करायची काहीच सोय नव्हती. पुढच्या खिडकीशी जाऊन मी काचेवर थापा मारायला लागले. समोर जीप दिसत होती, तिच्या काचेआड रचलेल्या गाद्या दिसत होत्या. नवऱ्याचं डोकं दिसत नव्हतं. मी ओरडत होते. घाटात इंजिनांच्या आवाजात मला स्वतःलाही ते ऐकू येत नव्हतं.

ट्रेलरचं दार त्याने दोन भागांत केलं होतं, वरचा अर्धा भाग वेगळा उघडायचा. मी तो उघडला, सासूबाईंचा टॉवेल घेतला आणि कमरेपर्यंत बाहेर वाकून हलवायला लागले. दार डाव्या अंगाला, आणि तिकडे नुसता कठडा आणि दरी. एका दगडावर माकडं बसली होती, ती तेवढी माझ्याकडे बघत होती. मागे एक मोठा ट्रक होता. त्याच्या ड्रायव्हरने आधी हॉर्न दिला, मला वाटतं आत हो म्हणून. मी दोन्ही हात जोडले. मग पुढे जीपकडे बोट दाखवलं, हाताने थांब थांब अशी खूण केली. त्याला काय समजलं कोण जाणे. त्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. ट्रक उजवीकडे काढून तो आमच्या बरोबरीने आला, पुढे गेला, आणि जीपच्या शेजारून जाताना त्याचा आवाज मला ऐकू आला, "रोक! रोक गाडी! पीछे औरत लटकी है!"

जीप कडेला घेतली गेली. ब्रेक लागले तेव्हा मी दारावर आपटले.

नवरा धावत आला. "सिलिंडर!" मी ओरडले. "आधी सिलिंडर बंद कर!" त्याने काही विचारलं नाही. जाळीचा खोका उघडताना त्याच्या हातून कडी दोनदा निसटली. मग मी त्याला चावी फिरवताना पाहिलं. बंद झाल्यावरही तो ती फिरवतच होता.

दुसऱ्या बाजूने भाई आला, काकींना उतरवायला. त्याच्या बोटांत पेटलेली सिगारेट होती.

"भाई! सिगारेट!"

तो जागच्या जागी थिजला. हातातल्या सिगारेटकडे त्याने असं पाहिलं, जसं ती दुसऱ्याच कुणाची आहे. मग तो वळला आणि रस्त्याच्या खालच्या बाजूला पळत सुटला. बराच लांब जाऊन त्याने ती बुटाखाली चिरडली, तरी तिथेच पाय घासत उभा राहिला.

सासूबाईंना नवऱ्याने उचलून खाली घेतलं. आम्ही सगळे ट्रेलरपासून लांब, वरच्या अंगाला कठड्यापाशी जाऊन बसलो. ट्रकवाल्याने पुढे थांबून चाकाखाली लावायला दगड आणून दिले. काय झालं ते त्याला सांगितल्यावर तो पंजाबीत काहीतरी बोलला, कानाला हात लावला आणि सासूबाईंच्या पाया पडून निघून गेला. त्याचा नंबरही आम्ही घेतला नाही.

नवरा दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता.

दारं-खिडक्या सताड उघड्या टाकून आम्ही पुष्कळ वेळ तिथेच थांबलो. उन्हं कलली. मग तो एकटाच आत गेला, फ्रिजखालची फळी काढली आणि मला हाक मारली. तांब्याची नळी जिथे फ्रिजला वळून लागते, तिथे चीर गेली होती. दिसायला केसासारखी, पण बोट फिरवल्यावर लागत होती. सारख्या हादऱ्यांनी गेली असणार. त्यातून गॅस आत यायला लागला, पुढे ज्योतीला पुरेसा मिळेना, म्हणून ती विझली. की कंटेनरच्या वाऱ्याने विझली? ते काही कळलं नाही. ज्योत विझल्यावर गॅस बंद करणारा जो वॉल्व्ह होता, तो चिरेच्या पुढे होता. त्याने त्याचं काम केलंही असेल. त्याचा आम्हाला काही उपयोग नव्हता.

"गॅस आधी साठला असता आणि ज्योत नंतर विझली असती तर?" मी विचारलं.

तो म्हणाला, "नको ना आता."

इन्सुलिन काढायला मी फ्रिज उघडला. आणि माझ्या हातांना जे लागलं त्याने मला रडू फुटलं. घाटात थांबून इतका वेळ झाला होता, आग ओकणाऱ्या उन्हात ट्रेलर उभा होता, गॅस बंद होता, आणि आत सगळं थंडगार होतं. बाटल्यांवर दव होतं. दही घट्ट होतं. रात्रभर गार केलेला फ्रिज दार न उघडता तसाच ठेवला असता तर भंडारदऱ्यापर्यंत आरामात गेला असता. एखादी बर्फाची पिशवी घातली असती तर त्याहून पुढे. ज्या ज्योतीसाठी आम्ही जीव पणाला लावला होता, तिची रस्त्यात गरजच नव्हती. नवऱ्यानेही आत हात घातला. घातला आणि तसाच ठेवला.

भंडारदऱ्याला आम्ही गेलो नाही. भाईने जीप चालवत हळूहळू घाट वर काढला, सगळे जीपमध्येच बसलो, सासूबाई माझ्या मांडीवर पाय टाकून. इगतपुरीला एका लॉजमध्ये उतरलो. तिथल्या औषधाच्या दुकानदाराने इन्सुलिन आपल्या फ्रिजमध्ये ठेवून घेतलं, काहीही न विचारता. दुसऱ्या दिवशी परत निघालो तेव्हा घाट उतरायलाही भाईच स्टिअरिंगवर बसला. नवरा म्हणाला, "मला नाही जमणार," आणि मागे आईजवळ जाऊन बसला.

नंतरचे महिने माझे वाईट गेले. मला कुठेही तो वास यायचा. भाजीवाल्याच्या गाडीपाशी, देवळात, बँकेच्या रांगेत. कपडे इस्त्री करताना बटणावर बोट ठेवलं की हात आखडायचा. वर्कशॉपमधलं वेल्डिंग, ज्याकडे मी इतकी वर्षं ढुंकून पाहिलं नव्हतं, त्याच्या ठिणग्या बघून मला घाम फुटायचा. डॉक्टरांकडे गेले. त्यांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं की हे जाईल, वेळ लागेल. सासूबाईंना काहीच झालं नव्हतं. त्या शेजारणींना सगळी गोष्ट रंगवून सांगायच्या, त्यात टॉवेल हलवणारी सून दर वेळी थोडी आणखी बाहेर लटकायची.

नवरा याबद्दल बोलत नसे. पण पावसाळ्यानंतर ट्रेलर बघायला ठाण्याचं एक गिऱ्हाईक आलं, तेव्हा मी चहा घेऊन गेले होते. त्या माणसाला गॅसचा फ्रिज हवा होता, प्रवासात चालू राहणारा.

नवरा म्हणाला, "फ्रिज देतो. पण गाडी हलायच्या आधी सिलिंडर बंद करायचा. जोडतानाच बंद. मुक्कामाला पोचलं की उघडायचा."

"अहो, पण सगळीकडे चालवतात लोक."

"चालवत असतील."

"मग गार कसं राहणार?"

"राहतं. आदल्या रात्री गार करा, बर्फ घाला, दार उघडू नका. आणि आत माणूस बसवायचा नाही. थोड्या वेळासाठी सुद्धा."

त्या माणसाने पुन्हा काहीतरी मुद्दा काढला. नवऱ्याने कप खाली ठेवला. "मग दुसरीकडून बनवून घ्या," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण चेहरा पांढरा पडला होता. गिऱ्हाईक गेलं. मी रिकामे कप उचलत असताना तो म्हणाला, "मला अजून तो हॉर्न ऐकू येतो."

पुढच्या डिसेंबरात सासूबाईंनीच हट्ट धरला. "धरान बघायचा हाय मना," त्या म्हणाल्या. "मी मराच्या आधी." मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण त्यांच्याकडे बघून बंद केलं.

या वेळी नळी नवी होती, सिलिंडर निघतानाच बंद केला होता आणि इन्सुलिन बर्फाच्या डब्यात, माझ्या मांडीवर. ट्रेलरमध्ये कुणी नव्हतं. आईंसाठी जीपची मागची सीट मोकळी ठेवली होती. तरी कसाऱ्याला घाट सुरू व्हायच्या आधी मी म्हटलं, "थांबव."

तो थांबला. मी उतरले, खोका उघडला, चावीवर हात ठेवला. बंद होती. परत येऊन बसले. तो गाडी सुरू करणार एवढ्यात मी म्हटलं, "तू पण एकदा बघ."

तो उतरला. मागे गेला, खोका उघडला, बघितलं, कडी लावली, ओढून पाहिली. परत येऊन त्याने स्टिअरिंग धरलं. वर मोकळ्या रस्त्याला लागल्यावर भाईने आपल्या बाजूची काच खाली केली. थंड वारा आत आला. मी तो नाकात भरून घेतला आणि त्यात काहीच वास नव्हता.